बारा भागिले दोन

फळ्यावर चारशे चौसष्ट पॉइंट पाच असा आकडा लिहून सुनेत्रानं त्याभोवती चौकट मारली, मार्करचं टोपण लावलं, आणि तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून यम्नानं इंग्रजीत विचारलं, "मॅम, पण मग पाण्यातला नेमका कुठला बॉण्ड एवढ्याचा असतो?" दर वर्षी अकरावीच्या वर्गात कुणी ना कुणी हे विचारतंच. दर वर्षी सुनेत्रा कमरेवर हात ठेवते, डोळे बारीक करते, "कुठलाच नाही!" म्हणते आणि वर्ग हसतो. पाण्याच्या रेणूतून पहिला हायड्रोजन तोडायला पाचशे दोन किलोज्यूल, उरलेल्या ओएचमधून दुसरा तोडायला चारशे सत्तावीस. करा बेरीज, भागा दोननं, झाली तुमची सरासरी बंधऊर्जा. आकडा पक्का, पुस्तकात छापलेला, परीक्षेत विचारला जाणारा, आणि साऱ्या पाण्यात शोधलात तरी तेवढ्या ताकदीचा बंध एकसुद्धा सापडायचा नाही. वर्षभराच्या रुक्ष शिकवण्यात सुनेत्राचा हा एक हक्काचा विनोद. आज ती "कुठलाच नाही" म्हणाली आणि हसायचं राहूनच गेलं. आपलंच वाक्य तिला दुसऱ्या कुणीतरी म्हटल्यासारखं ऐकू आलं. पोरं हसण्यासाठी तोंडं तयार ठेवून बसली होती. "मॅम, दुसरा एवढा स्वस्तात का तुटतो?" यम्नानं पुढचं विचारलं, हुशार पोरगी, म्हसळ्याकडची, बापाचं शारजात औद्योगिक भागात गॅरेज. "कारण पहिला तुटल्यावर मागे जे उरतं, ते पाणी नसतं," सुनेत्रा म्हणाली. हेही ती दर वर्षी म्हणते. मग तिनं फळ्यावर मिथेनचे चार आकडे लिहिले, सरासरी काढा म्हणाली, आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

तासाभरापूर्वी शारजातल्या या शाळेच्या स्टाफरूममध्ये वैभवीचा फोन आला होता, मुंबईच्या विमानतळावरून. "आई, दे आर नॉट लेटिंग मी बोर्ड." सुनेत्राला आधी वाटलं, पासपोर्ट विसरली असेल, नाहीतर बॅग जड झाली असेल. "नो, आई. ही सेज माय रेसिडेन्सी इज इनव्हॅलिड. मोअर दॅन सिक्स मंथ्स आउट." "असं कसं होईल?" सुनेत्रा इतक्या मोठ्यानं म्हणाली की शेजारच्या टेबलावर वह्या तपासणाऱ्या शहनाझ मॅमनी मान वर केली. "वर्षातून दोनदा येतेस तू! सांग त्याला. वर्षातून दोनदा येते म्हणावं!" पलीकडे काउंटरवरच्या माणसाचा पुटपुटता आवाज, चाकांच्या बॅगा, कुठल्यातरी विमानाची घोषणा. वैभवी रडली असती, चिडली असती, तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "इट्स ओके, आई. तुझा क्लास असेल ना? गो." आणि फोन ठेवलासुद्धा.

गल्फमध्ये वाढलेली, बारावीनंतर पुण्या-मुंबईला शिकायला धाडलेली जेवढी पोरं असतील, त्यांच्या आयांना हा एक नियम देवाच्या नावासारखा पाठ असतो: पोर देशाबाहेर सहा महिन्यांच्या वर राहता कामा नये. राहिलं की बापाच्या व्हिसावर टांगलेली त्याची रेसिडेन्सी खलास. म्हणून पोरं एन्ट्री मारायला येतात. हा शब्दसुद्धा इथलाच. दोन दिवसांसाठी येतात, इमिग्रेशनच्या काचेपुढे तोंड दाखवतात, आईच्या हातचं जेवतात, परत जातात. आया त्या तारखा वाढदिवसांसारख्या लक्षात ठेवतात. फ्रिजवर, फोनमध्ये, डोक्यात, तीन-तीन ठिकाणी. आणि सुनेत्रानं काय केलं होतं? ऑक्टोबरात वैभवी म्हणाली, दिवाळीत परीक्षा आहे, जमणार नाही. सुनेत्रा तेव्हा ओट्यापाशी कणीक मळत होती. ती म्हणाली, "मग डिसेंबरात ये, विंटर ब्रेकमध्ये." आणि मनातल्या मनात हिशोबही केला, उन्हाळ्यात एक खेप, हिवाळ्यात एक खेप, बारा भागिले दोन, सहा. झालं की. मेअखेर इथून गेलेली मुलगी डिसेंबरच्या मध्यावर येते तेव्हा मध्ये साडेसहा महिने होतात, हे दुसरीतलं पोरही बोटं मोजून सांगेल. पण सुनेत्रानं बोटं मोजलीच नाहीत, सरासरी काढली. आणि तीही कुणी? जी परीक्षेत दर वर्षी मुद्दाम तिरका प्रश्न घालते, पाण्यातला फक्त पहिला बंध तोडायला किती ऊर्जा लागेल, आणि चारशे चौसष्ट पॉइंट पाच लिहिणाऱ्या पोरांचे मार्क निर्दयपणे कापते, तिनं! पालक भांडायला येतात, तेव्हा त्यांना समजावते की अहो, सरासरी म्हणजे पायरी नव्हे. आता याला काय म्हणावं?

चूकच ती, सुनेत्रा स्वतःला सांगत होती. माणसाकडून होते. खाली मैदानावर लहान वर्गांची पोरं डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात स्पोर्ट्स डेची कवायत करत होती, लाल टोप्या आणि पिवळ्या टोप्या. चूक झाली हे तिला खुपत नव्हतं. फोन ठेवल्यावर छातीत जे व्हायला हवं होतं ते झालं नव्हतं, ते खुपत होतं. मुलगी विमानतळावर एकटी, बोर्डिंग नाकारलेलं, पुढे काय ठाऊक नाही. अशा वेळी आईचा जीव वरखाली व्हावा. सुनेत्राचा झाला नाही. तिला आधी नियम आठवला, मग व्हिसाचे अर्ज भरून देणारं टायपिंग सेंटर, मग नवऱ्याला, प्रकाशला, फोन करणं. जसं वॉशिंग मशीन बिघडल्यावर एकेक आठवतं तसं. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं होतं. तिला ते ओळखीचं वाटलं आणि तिनं नजर चटकन मैदानाकडे वळवली.

निनाद, वैभवीचा मोठा भाऊ, गेला त्याला आता चौथं वर्ष लागलं होतं. तो पुण्यात इंजिनिअरिंगला होता, दुसऱ्या वर्षाला. त्याचेही सहा महिने फेब्रुवारीत भरत होते आणि नेमकं तेव्हाच कॉलेजचं गॅदरिंग. "आई, जाऊ दे ना तो व्हिसा. मला कुठं तिथं राहायचंय?" तो म्हणाला होता. सुनेत्रानं फोनवर घर डोक्यावर घेतलं. "तारीख म्हणजे तारीख, निनाद! खेळ वाटला का तुला? उद्या नोकरी लागली नाही तिकडे, तर कुठं जाशील?" रोज सकाळ-संध्याकाळ फोन. शेवटी पोर वैतागून आला. तीन दिवसांसाठी. पहिल्या दिवशी झोपला, दुसऱ्या दिवशी तिच्या हातचं भरलं वांगं खाल्लं आणि "तिकडे हे असलं मिळत नाही" म्हणाला, तिसऱ्या दिवशी शाळेतल्या मित्राच्या गाडीतून दुबईला गेला आणि परत येताना हायवेवर एका ट्रेलरखाली ती गाडी गेली. मित्र वाचला. पुढचं सगळं प्रकाशनं केलं. इथे माणूस मेला तरी त्याचा व्हिसा आपोआप मरत नाही, तो ज्यानं काढला त्यानंच रद्द करायचा, मगच शव देशाबाहेर जातं. बापानं अर्ज करून मुलाला यादीतून काढायचं. दुबईत देऱ्यातल्या हमीदभाईंच्या टायपिंग सेंटरमध्ये प्रकाश तो अर्ज टाइप करून घेत होता आणि सुनेत्रा बाहेर गाडीत एसी लावून बसली होती. काचेतून तिला प्रकाशची पाठ दिसत होती. ती पाठ मध्येच खाली वाकली, टेबलाला टेकली, मग पुन्हा सरळ झाली. आपण उतरून आत जायला हवं होतं, हे तिला त्यानंतर कित्येकदा वाटलं. तेव्हा पाय उचललेच नव्हते.

मग माणसं आली. बिल्डिंगमधली, महाराष्ट्र मंडळातली, शाळेतली. शहनाझ मॅम रोज संध्याकाळी डबा घेऊन यायच्या, शेजारी बसायच्या, एक शब्द बोलायच्या नाहीत. त्यांचं बरं वाटायचं. बाकी सगळे एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत म्हणायचे: आता वैभवीकडे बघायचं, आता जे काही आहे ते सगळं तिचं. जणू दोघांत वाटलेलं होतं ते आता एकटीच्या ताटात पडणार. सुनेत्रालाही तसंच वाटलं होतं. ती वाट बघत राहिली. वैभवी तेव्हा पंधराची होती, आईच्या पाठीमागे पाठीमागे फिरायची, रात्री मधे येऊन झोपायची, स्वतःहून भांडी घासायची, जे त्या घरात कधी कुणी पोरानं केलं नव्हतं. आणि सुनेत्रा तिच्याकडे बघायची तेव्हा आत काहीच हलायचं नाही. शेजारणीचं पोर सुट्टीत राहायला आलं असावं, तसं. चांगलं पोर, गुणी पोर, वेळेवर खायला घाला, कपडे बघा, परत पाठवताना डबा द्या. हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. कसं सांगणार? आधी तिनं त्याला धक्का म्हटलं, मग थकवा, मग वय. पण ते नुसतं दुःख नव्हतं. वैभवीवरचं होतं तेही कमी झालं होतं. निनाद असताना वैभवीला साधा ताप आला तरी सुनेत्राची झोप उडायची. तो गेला आणि जाताना बहिणीचाही वाटा घेऊन गेला.

म्हणून मग दीड वर्षापूर्वी बारावी झाल्यावर वैभवीनं जेवताना घाबरत घाबरत विचारलं, "आई, शुड आय गो टु पुणे? मावशी आहे तिकडे. ऑर शुड आय स्टे?" तेव्हा सुनेत्रा एका क्षणात म्हणाली, "जा की." प्रकाश ताटावरून बघत राहिला. नंतर सगळ्यांनी तिचं कोण कौतुक केलं! एवढं झाल्यावर दुसरं पोर पुन्हा त्याच पुण्याला पाठवते, काय धीराची बाई. धीर कसला, बोडक्याचा. निनादला पहिल्यांदा सोडून परत आली होती तेव्हा आठवडाभर तिला अन्न गेलं नव्हतं. दुपारच्या तासाला वर्गात मध्येच रडू फुटलं म्हणून टॉयलेटमध्ये जाऊन तोंड धुवावं लागलं होतं. वैभवीला सोडून आली त्या दिवशी तिला गाढ झोप लागली. उठून तिनं उपमा केला, वर खोबरं-कोथिंबीर घातली आणि दोनदा वाढून घेतला. दुसऱ्यांदा वाढून घेताना आपण काय करतो आहोत हे तिच्या लक्षात आलं, आणि तरीही तो उपमा चांगला लागला होता.

"मॅम, चारशे सोळा," कुणीतरी ओरडलं. सुनेत्रा वळली. मिथेनचे चार बंध: चारशे सत्तावीस, चारशे एकोणचाळीस, चारशे बावन्न, तीनशे सत्तेचाळीस. "आणि यांतला चारशे सोळाचा कुठला?" तिनं सवयीनं विचारलं. आता पोरं शहाणी झाली होती. "नन!" सगळी एका सुरात म्हणाली आणि हसली, आणि बेल झाली. बाहेर पडताना यम्ना टेबलापाशी रेंगाळली. वर्गात इंग्रजी, पण एकटी असली की ती मॅमशी मराठीत बोलायची, तिच्या त्या कोकणी हेलात. "मॅम, तुम्हाला बरं नाही का? चेहरा बघा कसा झालाय." "काही नाही गं. वैभवीचं विमान चुकलं." "या अल्ला! मग तुम्ही इथं काय करताय? जा ना घरी." यम्ना खरोखर हादरली होती. विमान वैभवीचं चुकलं होतं, आणि हे पोर तिच्यासाठी हादरलं होतं. सुनेत्रानं उरलेला तास शहनाझ मॅमकडे सोपवला, फुटपाथवर येऊन टॅक्सीला हात केला आणि "देरा" म्हणाली.

शारजाहून दुबईला जाणारा रस्ता तोच. पठाण ड्रायव्हरनं नेमका तोच हायवे धरला; तिनं अडवलं नाही. त्या जागी ती एरवी डोळे मिटते. आज डोळे उघडे ठेवून बसली, आणि जागा नेमकी कुठली हेच कळलं नाही. सारखे दिवे, सारखं डिव्हायडर, सारख्या बाभळी. ती मनातल्या मनात स्वतःची उलटतपासणी घेत होती. तू मुद्दाम केलंस का, सुनेत्रा? छे, मुद्दाम कसं करेन? मग विसरलीस कशी? निनादच्या वेळी तर तुला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तारीख सांगितली असतीस. वैभवीची कधी पाठ केलीस? नाही केली. का नाही केली? तिला एवढंच कळत होतं की आजच्या दिवसात काहीतरी ठरणार आहे. व्हिसाचं म्हणाल तर काहीतरी मार्ग निघेल, या देशात पैसे भरले की बहुतेक मार्ग निघतात. पण मुलगी या घराची राहणार की नाही, आणि ती राहावी असं तिच्या आईला वाटतं की नाही, हे आता झाकून ठेवता येणार नव्हतं.

हमीदभाईंच्या दुकानात काही बदललं नव्हतं. तेव्हा काचेतून दिसलेली तीच तीन टेबलं, तेच झेरॉक्स मशीन, भिंतीवर शेखांचे फोटो, बाकावर लेबर कार्डाची वाट बघत बसलेली चार-पाच माणसं. सुनेत्रा पहिल्यांदाच आतून बघत होती. प्रकाश जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसातून मेट्रोनं आला होता, टाय सैल, कपाळावर घाम. "अगं, तिला फोन केलास का? मी तीनदा केला, उचलत नाहीये. टॅक्सी करून पुण्याला निघाली म्हणे, मेसेज टाकलाय," तो म्हणाला. "मला सांगायचंस ना सुनेत्रा, मी तिकीट अलीकडचं काढलं असतं. मला वाटलं, तू बघितलंयस. तारखांचं तूच बघतेस ना." त्याच्या आवाजात दोष नव्हता. असता तर तिला उत्तर देता आलं असतं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "मी सरासरी धरली." प्रकाशला ते कळलं नाही. हमीदभाई खुर्चीतून अर्धे उठले, श्रीवर्धनचा माणूस, पांढरी दाढी, नाकावर चष्मा. "बसा ताई. टेन्शन घ्यायचं नाय. पोरांचं असं होतं, दर सुट्टीत दोन-चार केसी येतात माझ्याकडं. रीएन्ट्रीचा अर्ज टाकू, दंड भरू, इन्शाल्ला पास होईल. फक्त कारण द्यावं लागतं, इतके दिवस बाहेर का राहिली त्याचं. काय टाकू? शिक्षण, आजारपण, का आणखी काय?" प्रकाश दंडाचे दिरहम सवयीनं मोठ्यानं रुपयांत सांगत बसला होता; घाबरला की तो हेच करतो. "आधी तिला विचारते," सुनेत्रा म्हणाली. प्रकाश थांबला. "काय विचारतेस?" "यायचंय का ते." "अगं, म्हणजे काय? विमानतळापर्यंत आली होती पोरगी!" पण सुनेत्रा फोन घेऊन दाराबाहेर आली होती.

बाहेर फुटपाथवर हमाल हातगाड्यांवर पुठ्ठ्याची खोकी रचून खाडीकडे ओढत चालले होते. एक जण "यल्ला, यल्ला" करत तिच्या अगदी अंगावरून गेला. वैभवीनं पहिल्याच रिंगला फोन उचलला. मागे गर्दीचा आवाज, ताटल्यांचा आवाज. एक्स्प्रेसवेवरच्या फूडमॉलला थांबली होती. "काही खाल्लंस का?" सुनेत्रानं विचारलं. "वडापाव. आई, आर यू विथ बाबा?" "हो. हमीदभाई म्हणतात, होईल. अर्ज टाकायचा, चार-आठ दिवसांत परमिट येईल. यायचंय ना तुला?" पलीकडे ताटली सरकवल्याचा आवाज आला. मग वैभवी म्हणाली, "आय न्यू, आई." "काय?" "डेट. मला माहीत होती. नोव्हेंबरमध्येच मोजली होती मी." हे ती मराठीत म्हणाली, आणि वैभवी मराठीत बोलते तेव्हा ती अगदी एकटी झालेली असते, हे सुनेत्राला माहीत होतं. "अगं मग सांगायचं नाही का?" "आय वॉज वेटिंग." "कशाची?" "तू फोन करशील. दादाला करायचीस तसा. ओरडशील. तारीख म्हणजे तारीख. रोज वाटायचं, आज करशील. मग बाबांनी डिसेंबरचं तिकीट पाठवलं." "मग आज एअरपोर्टवर कशाला गेलीस, बाळा?" "वाटलं, माझंच मोजायचं चुकलं असेल. तू बघितलं असशील म्हणून."

सुनेत्रा भिंतीला टेकली. भिंत उन्हानं तापली होती. वैभवी नाक ओढत होती, आणि मग एकदम घाईघाईनं, जणू कधीपासून तोंडात धरून ठेवलेलं बाहेर टाकावं तसं म्हणाली, "आई, इज इट बिकॉज ऑफ दादा? तू त्याला बोलावलंस आणि मग ते झालं. सो यू वेअर स्केअर्ड टु कॉल मी. म्हणून नाही ना बोलावलंस? इज दॅट व्हाय?"

काय सुरेख कारण होतं! सगळ्या पायऱ्या लिहिलेलं, खाली रेघ मारून उत्तर दिलेलं. पोरीनं ते महिनाभर एकटीनं बसून तयार केलं असणार, आईला सोडवण्यासाठी. स्वतःलाही सोडवण्यासाठी. सुनेत्रानं प्रामाणिकपणे आत डोकावून पाहिलं. खरंच तसं असेल का? नोव्हेंबरात तिला भीती वाटली होती का? नोव्हेंबरात तिनं सहामाहीचे पेपर काढले, एसीची सर्व्हिसिंग करून घेतली, प्रकाशसाठी नवे बूट आणले, मंडळाच्या फराळाला चकल्या केल्या. त्यात कुठेही भीती नव्हती. भीती असती तर यातलं एकही काम हातून झालं नसतं. दुकानात पिशवी विसरावी, तशी ती मुलीला विसरली होती, इतकंच. तिच्या जिभेवर खरं आलं. "नाही गं, मी विसरले." चार शब्द. ते बोलले की सगळं स्वच्छ होईल, वैभवी "ओके" म्हणेल, जशी सकाळी म्हणाली होती, पुण्यात राहील, तिचं तिचं होईल, आणि सुनेत्राला पुन्हा कुणासाठी घाबरावं लागणार नाही. किती सोपं होतं ते. ते इतकं सोपं आहे, याचीच तिला किळस आली.

"हो," सुनेत्रा म्हणाली.

आणि वैभवी रडायला लागली, मोठ्यानं, फूडमॉलमध्ये सगळ्यांसमोर, लहान असताना रडायची तशी. "आय न्यू इट. मी मावशीला म्हटलं होतं. ती म्हणायची, असं काही नसतं. आई, काही नाही होणार मला. मी नाही जाणार कुणाच्या गाडीतून. सांग बाबांना, अप्लाय करा. आय वॉन्ट टु कम होम." "हो गं. हो वैभू. रडू नकोस. पाणी पी आधी." सुनेत्रा बोलत राहिली, शब्द बरोबर येत होते, आवाजही बरोबर येत होता. आपल्यालाही रडू येईल म्हणून ती थोडा वेळ थांबली. हातगाडीवाले रिकाम्या गाड्या घेऊन खाडीवरून परत निघाले होते. मग तिनं फोन ठेवला आणि आत आली.

"काय म्हणाली?" प्रकाशनं विचारलं. "येते म्हणाली." प्रकाशचा चेहरा एकदम सुटला. त्यानं चष्मा काढला, डोळे पुसले आणि हमीदभाईंच्या, त्या बाकावरच्या परक्या माणसांच्या देखत तिचा हात हातात घेतला, जे त्यानं इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं. "मग कारण शिक्षणच टाकतो, ताई?" हमीदभाईंनी विचारलं. "टाका," सुनेत्रा म्हणाली आणि प्रकाशशेजारच्या खुर्चीत बसली. आठ दिवसांनी वैभवी दारात उभी राहील, गळ्यात पडेल, आणि ज्या आईला ती फोनवर भेटली होती तिला शोधत घरभर मागे मागे फिरेल. ती आई आता रोज सकाळी उठून आपल्याला व्हावं लागणार आहे, कुणाला कळू न देता, मरेपर्यंत, हे सुनेत्राला त्या खुर्चीत बसल्यावर समजलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच तिला भीती वाटली.